विचारा की! : बूटलोडर उघडलाय, आता वॉरंटीचं काय?

गेल्या अंकात 'बूटलोडर उघडल्यावर वॉरंटीचं काय होतंय ते पुढं कधीतरी बघू' असं एका ओळीत लिहून मी सुटलो होतो, आणि त्या एका ओळीवर एवढे मेसेज आले की बॅटरी, सिम, स्टोरेज हे नेहमीचे प्रश्न बाजूला ठेवावे लागले. म्हणून या वेळचा सगळा कॉलम बूटलोडरलाच. बऱ्याच जणांनी 'नाव छापू नका' असं लिहिलंय, एकानं तर 'पप्पांना कळलं तर फोनच काढून घेतील' असंही लिहिलंय, तेव्हा नावं गाळलीत, गावं तेवढी ठेवलीत.

प्रश्न : दादा, मी खानापूर तालुक्यातला, बेळगावात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, रोज येऊन-जाऊन करतो. फोन घेऊन सात महिने झाले. चार महिन्यांपूर्वी बूटलोडर अनलॉक करून कस्टम रॉम (कंपनीऐवजी दुसऱ्यांनी बनवलेलं फोनचं सॉफ्टवेअर) टाकला, एकदम मस्त चालत होता. आता पंधरा दिवस झाले चार्जिंगच होत नाही, केबल एका बाजूला दाबून धरली तरच होतंय. सर्व्हिस सेंटरला नेला तर काउंटरवरच्यानं फोन चालू केला, ती नारिंगी वॉर्निंग बघितली आणि 'वॉरंटी व्हॉइड' म्हणून फोन माझ्याकडं सरकवला, उघडूनसुद्धा बघितला नाही. चार्जिंगच्या भोकाचा आणि बूटलोडरचा काय संबंध?

उत्तर : तू केबल दाबून धरतोस आणि चार्जिंग सुरू होतंय म्हणतोस ना, मग तुझ्या केसमध्ये बहुतेक काही संबंध नाही. खरं एवढ्यावर उड्या मारू नको, पूर्ण वाच.

आधी बूटलोडर म्हणजे काय ते, कारण मेसेज करणाऱ्यांतल्या निम्म्यांनी तो उघडलाय आणि नेमकं काय उघडलंय हे त्यांना माहीत नाही. लग्नाच्या हॉलच्या दारात नवरीचा मामा उभा असतो बघ, कोण आलं, आपलं की परकं, हे बघूनच आत सोडणारा. फोनचं बटण दाबलं की सगळ्यात आधी जागा होतो तो हा मामा. पुढं चढणाऱ्या सॉफ्टवेअरवर कंपनीची डिजिटल सही आहे का ते तो बघतो, असली तर आत, नसली तर दारातूनच परत. अनलॉक करायचं म्हणजे मामाला सांगायचं की तुम्ही बसा जेवायला, आता कुणीही आलं तरी चालतंय. मामा ऐकतो खरं, तेवढा प्रामाणिक राहतो, प्रत्येक वेळी दारात ओरडून सांगतो की 'मी आज कुणाला तपासत नाही, मला विचारू नका'. ती तुझी नारिंगी ओळ. अँड्रॉइडमध्ये याला रंगच ठरवून दिलेत, सगळं बरोबर असलं की हिरवा, स्वतःची चावी टाकून परत लॉक केलेल्याला पिवळा, अनलॉकला नारिंगी आणि सही जुळलीच नाही तर लाल. म्हणजे काउंटरवरच्या पोरानं काही जादू केली नाही, फोननंच तुझी चुगली केली.

आता वॉरंटी. ही कंपनीनं स्वतःहून दिलेली लेखी हमी, आणि तिच्यात काय बसतंय आणि काय बसत नाही ते फोनच्या बॉक्समधल्या त्या बारीक अक्षराच्या कागदावर असतंय, जो आपण कुणीच वाचत नाही आणि चार्जरच्या पिशवीबरोबर माळ्यावर टाकतो. बहुतेक कागदांत 'परवानगीशिवाय सॉफ्टवेअरमध्ये केलेला बदल' असं एक वाक्य असतंय. काही ठिकाणी लिहिलेलं असतंय की अशा बदलामुळं झालेला बिघाड वॉरंटीत येणार नाही. काही ठिकाणी सरळ लिहितात की बदल केला की वॉरंटीच संपली. ही दोन वाक्यं दिसायला सारखी, अर्थ मात्र एकदम वेगळा. पहिलं असेल तर बिघाड बदलामुळंच झाला का, हा मुद्दा तुला मांडता येतो. दुसरं असेल तर तुझी बाजू पातळ होते, संपत नाही, पण पातळ होते. तेव्हा पहिलं काम, माळ्यावर चढ आणि कागद काढ. नाहीतर कंपनीच्या साईटवर तुझ्या मॉडेलची वॉरंटीची पानं भारतासाठी कुठली आहेत ती बघ, अमेरिकेची वाचून भांडू नको. तिकडं १९७५ पासून वॉरंटीचा एक वेगळा कायदा आहे, यूट्यूबवरची पोरं सगळी तोच सांगतात, आणि आपल्याकडं तो लागू नाही.

आता कंपनीची बाजूही ऐक, कारण ती अगदीच खोटी नाही. कस्टम कर्नल (हार्डवेअर चालवणारा सॉफ्टवेअरचा गाभा) टाकून लोक चार्जिंगचा करंट वाढवतात, प्रोसेसर जास्त पळवतात, स्पीकरचा आवाज ठरलेल्या हद्दीबाहेर नेतात. मग बॅटरी फुगली, बोर्ड तापून गेला, स्पीकर फाटला, की तो दोष सॉफ्टवेअरनं हार्डवेअरला घातलेला असतो, आणि तिथं कंपनी 'नाही' म्हणाली तर मी कंपनीच्या बाजूनं उभा राहीन. चार्जिंगच्या बाबतीत म्हणूनच नीट बोलावं लागतंय. करंट ठरवणारी चिप गेली असेल तर ते म्हणतील तुझ्या रॉमनं घालवली. खरं तुझं केबल दाबली की होतंय, सोडली की थांबतंय. चिप गेली तर ती केबल वाकडी धरल्यानं बरी होत नाही. हे पिनांचं किंवा पोर्टच्या झाळण्याचं काम आहे, बस-रेल्वेत पॉवर बँक लावून खिशात कोंबलेल्या फोनचं हे हमखास होतंय. तर हे काउंटरवर बोलून दाखव, नुसतं 'संबंध काय' म्हणून भांडू नको.

(त्याआधी एक सांगू? टॉर्च लावून पोर्टमध्ये बघ. खिशातल्या कापडाचा बोळा आत दाबून बसलेला असतो, केबल पूर्ण आत जातच नाही. फोन बंद करून लाकडी टूथपिकनं हळू काढायचा, टाचणीनं नाही. माझ्याकडं आलेल्या दहा 'पोर्ट गेला' तक्रारींतल्या दोन-तीन तिथंच मिटतात.)

आणखी एक, खानापूरचा पाऊस मी बघितलाय. सिमच्या ट्रेच्या खाचेत किंवा पोर्टजवळ एक छोटं पांढरं स्टिकर असतंय, पाणी लागलं की ते गुलाबी-लाल होतंय. ते लाल असेल तर बूटलोडर राहू दे, पाण्याच्याच कारणानं वॉरंटी नाकारतील, आणि त्यावर भांडायला जागा कमी असते. जाण्याआधी ट्रे काढून बघून घे.

आता काउंटरवर कसं करायचं. खोटं बोलू नको, नारिंगी ओळ सगळं सांगतीयच. 'अनलॉक मी केलाय, तक्रार पोर्टची आहे, उघडून बघा आणि जे काय असेल ते जॉब शीटवर लिहून द्या' एवढंच म्हण (जॉब शीट म्हणजे सेंटरचा तक्रार नोंदवायचा कागद). नाकारणार असतील तर नाकारायचं कारणही जॉब शीटवर लेखी माग. तोंडी 'व्हॉइड'ला काही किंमत नाही, लेखी आलं की मागणाऱ्याची आणि देणाऱ्याची दोघांची भाषा बदलते. आणि आपल्याकडं हे इंग्रजीत किंवा कन्नडात छापलेलं येतंय, घाईत खाली सही करून येऊ नको, समजलं नाही तर बाहेर बसून कुणाकडून तरी वाचून घे. 'कस्टमर अॅग्रीड लिक्विड डॅमेज' असल्या ओळीखाली सही केलेली माणसं मी बघितलीत, बिचाऱ्यांचा फोन कधी भिजलासुद्धा नव्हता.

त्यानंतर कंपनीला ईमेल, सोबत बिल, जॉब शीट आणि केबल दाबल्यावर चार्जिंग सुरू होतंय त्याचा व्हिडिओ. नाही ऐकलं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतही बोलता येतंय. बऱ्याच गोष्टी तिथंच मिटतात कारण कंपन्यांनाही फाईल वाढवायची हौस नसते. तिथंही नाही झालं तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९. या कायद्यानं एक मोठं काम करून ठेवलंय, तू राहतोस किंवा काम करतोस त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस बंगळूरला असो की गुरगावला. म्हणजे तुला बेळगावच्या बाहेर जायची गरज नाही. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, ऑनलाइनही करता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत. निकाल तुझ्याच बाजूनं लागेल अशी गॅरंटी मी देत नाही, तुझ्या कागदावरचं ते वाक्य कुठलं आहे यावर बरंच आहे. आणि खरं सांगायचं तर पोर्टचं काम बाहेर करून घेतलं तर काही शेकड्यांत होतंय. तेव्हा ईमेल आणि १९१५ पर्यंत नक्की जा, त्यापुढं परीक्षा आहे का ते बघून ठरव.

प्रश्न : भाऊ, मी शहापूरची. पिको-फॉलचं काम करते, गिऱ्हाईक आता सगळं यूपीआयवरच पैसे देतंय म्हणून ओळखीतून एक जुना फोन घेतला. चालू करताना दरवेळी काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी येतंय आणि पाच सेकंद थांबतंय. मुलगा म्हणाला 'डिव्हाइस अनलॉक्ड आहे, विश्वास ठेवता येत नाही' असं लिहिलंय. बँकेचं अॅप उघडतच नाही, 'हा फोन सुरक्षित नाही' म्हणतंय. व्हायरस आहे का?

उत्तर : व्हायरस नाही ताई. आधीच्या मालकानं बूटलोडर उघडलाय आणि तसाच विकलाय. वरच्या पोराच्या उत्तरातला मामा आठवा, तुमच्या फोनचा मामा जेवायला बसलाय आणि बँकेला ते कळलंय. बँकेची अॅप गूगलला विचारून घेतात की हा फोन कंपनीनं दिला तसाच आहे का, आणि उत्तर 'नाही' आलं की बरीच अॅप दार लावून घेतात. काही चालतात, काही आज चालतात आणि पुढच्या अपडेटला बंद पडतात. सिनेमाची अॅपसुद्धा अशा बऱ्याच फोनवर चित्र धूसर दाखवतात, ४८०पी या कमी दर्जाच्या वर जातच नाहीत.

तुम्हाला पैसे घ्यायचेत, म्हणून माझा सल्ला जरा कडक आहे. हा फोन मामा परत दारात उभा राहीपर्यंत बँकेला जोडू नका. आत आधीच्या माणसानं काय बसवून ठेवलंय ते तुम्हाला बाहेरून दिसणार नाही. ओळखीतला आहे, चांगला असेल, खरं त्यानं तरी तो कुणाकडून घेतला काय माहीत.

पहिल्यांदा ज्याच्याकडून घेतला त्यालाच परत द्या आणि सांगा की कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर चढवून, लॉक करून दे, नाहीतर पैसे परत दे. हे विकणाऱ्याचं काम आहे, तुमचं नाही. तो टाळत असेल तर कंपनीच्या अधिकृत सेंटरला विचारा की पैसे भरून मूळ सॉफ्टवेअर टाकून मिळेल का. एक गोष्ट तेवढी त्यांना आवर्जून विचारा, की फोन मुळात भारतातलाच आहे का. चीनमध्ये विकायला बनवलेले फोन इकडं आणतात, त्यावर दुसऱ्या देशाचं सॉफ्टवेअर चढवतात आणि ते चालावं म्हणूनच बूटलोडर उघडा ठेवतात. अशा फोनला लॉक केलं की काही मॉडेल 'हे सॉफ्टवेअर या फोनवर चालणार नाही' म्हणून अडकून बसतात.

गल्लीतलं कुणीतरी पोरगं म्हणेल, मावशी मी एक मॉड्यूल टाकतो, बँकेला कळणारच नाही. नको म्हणा. ही लपवालपवी चार दिवस चालते, आणि नेमकं दिवाळीच्या गर्दीत पैसे यायच्या वेळी अॅप बंद पडतंय.

प्रश्न : सर, निपाणीहून लिहितोय. फोनचा डिस्प्ले वॉरंटीत बदलून घ्यायचाय, बूटलोडर अनलॉक आहे, कस्टम रॉमवर आहे. सेंटरला जायच्या आधी नुसतं लॉक करून टाकलं तर कळणार नाही ना? एका व्हिडिओत एकच कमांड सांगितलीय.

उत्तर : थांबा! हे वाचताय तोपर्यंत ती कमांड दिली नसली तर देऊ नका.

मी दिली होती. काही वर्षांपूर्वीची गोष्ट, माझ्या फोनचा माईक गेला होता, वॉरंटीचे तीन आठवडे राहिलेले, आणि मलाही तुमच्यासारखंच वाटलं की लॉक करूया, कोण विचारतंय. रात्री जेवून बसलो. सेटिंगमध्ये जाऊन ते ओईएम अनलॉकिंगचं, म्हणजे अनलॉक करायला परवानगी देणारं, बटण आधी बंद केलं, म्हणजे अगदी कंपनीसारखं दिसेल, मग लॅपटॉपला केबल जोडून फास्टबूटमध्ये, म्हणजे लॅपटॉपवरून कमांड घेणाऱ्या मोडमध्ये, जाऊन लॉकची कमांड दिली. फोननं विचारलं सगळा डेटा जाईल, चालेल का, आवाजाच्या बटणानं 'हो'वर गेलो आणि पॉवर दाबलं. फोन बंद होऊन चालू झाला आणि लाल अक्षरं आली. परत बंद, परत चालू, परत लाल. मामा दारात उभा राहिला होता आणि हॉलमध्ये सगळी माझी कस्टम रॉमची माणसं, एकाकडंही कंपनीची सही नाही, त्यानं सगळ्यांना बाहेर काढलं. बरं, परत अनलॉक करावं म्हटलं तर फास्टबूट म्हणतोय परवानगी नाही, कारण ते बटण मीच आधी बंद केलेलं, आणि ते चालू करायला फोन आधी चालू व्हायला पाहिजे. विहिरीत उतरायचं आणि शिडी वर ओढून घ्यायची, तसलं काम. मेव्हण्याच्या लग्नाची आमंत्रणाची यादी फक्त त्याच फोनमध्ये होती, ती गेली. सेंटरनं बोर्ड बदलायला सांगितला, फोनच्या निम्म्या किमतीत, आणि त्यात त्यांची चूक काढायला मला तोंडच नव्हतं.

तेव्हा लॉक करायचंच असेल तर क्रम असा. आधी बॅकअप, कारण अनलॉक करताना डेटा जातो तसाच लॉक करतानाही जातो. मग तुमच्या मॉडेलचं, तुमच्या देशाचं, कंपनीचं पूर्ण मूळ सॉफ्टवेअर, आणि आत्ता फोनवर जे व्हर्जन आहे त्याच्यापेक्षा जुनं नको. बऱ्याच फोनमध्ये जुन्यावर परत जायला अडवणारी व्यवस्था असते, तिला न विचारता मागं गेलात तर फोन विटेसारखा होतोय. मूळ सॉफ्टवेअरवर फोन पूर्ण चालू करून बघा, कॉल, वायफाय, कॅमेरा, एक दिवस वापरा. सगळं ठीक असेल तर मग लॉक, आणि लॉक करताना ते ओईएम अनलॉकिंगचं बटण चालूच राहू द्या. लॉक होऊन फोन नीट सुरू झाला की मग खुशाल बंद करा.

'कळणार नाही ना' याचं उत्तर फोनवर आहे. सॅमसंगच्या फोनमध्ये नॉक्स म्हणून एक फ्यूज असतो, खराखुरा, चिपमधला. अनधिकृत सॉफ्टवेअर चढवलं की तो जळतो, शून्याचा एक होतो, आणि मग काहीही करा परत शून्य होत नाही, सॅमसंग वॉलेट आणि सिक्योर फोल्डर त्या फोनवर कायमचे बंद. त्यांना फोन खोलून बघायचीही गरज नाही, डाउनलोड मोडमध्ये (सॉफ्टवेअर चढवायच्या स्क्रीनवर) आकडा दिसतो. मोटोरोलाचा अनलॉक कोड कंपनीच्याच साईटवरून मिळतो आणि तो घेतानाच 'वॉरंटी सोडली' हे मान्य करावं लागतंय, शाओमीला तर अकाउंट जोडून त्यांच्याच सर्व्हरची परवानगी घ्यावी लागते, कित्येकांनी त्यासाठी १६८ तासांचं काउंटडाउन बघत दिवस काढलेत. म्हणजे या कंपन्यांकडं नोंद असतेच, तुम्ही लपवणार कुणापासून?

डिस्प्ले आपोआप रेषा येऊन गेलाय, काच फुटलेली नाही, तर वरच्या पहिल्या उत्तरासारखं खरं सांगून जा. काच फुटली असेल तर बूटलोडर लॉक असो की उघडा, ती वॉरंटीत येतच नाही, कशाला जीव धोक्यात घालताय.

प्रश्न : मी चंदगडचा. बाजार आमचा बेळगावच, फोनही तिथंच सेकंडहँड घेतला. महिन्यात नेटवर्क गेलं, कुठलंच सिम चालत नाही. रिपेरीवाला म्हणतोय आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख नंबर) ब्लॉक झालाय, बूटलोडर अनलॉक करून नवीन आयएमईआय टाकून देतो, हजार रुपये. करू का?

उत्तर : अजिबात नको. बूटलोडर उघडणं हा तुमचा आणि कंपनीचा प्रश्न, त्यात गुन्हा काही नाही. आयएमईआय बदलणं हा सरकारचा प्रश्न. दूरसंचार कायदा २०२३ मध्ये त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपयांत हे कोण करून देत असेल तर त्याच्या दुकानातून फोन घेऊन आधी बाहेर पडा.

फोन ब्लॉक होतो याचा साधा अर्थ बहुतेक वेळा हाच, की तो चोरीला गेलेला किंवा हरवलेला म्हणून कुणीतरी नोंदवलाय. मे २०२३ पासून देशभर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर असा फोन ब्लॉक करायची सोय आहे. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून पंधरा आकडी नंबर काढा, मेसेजमध्ये केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, एक जागा सोडून तो नंबर, आणि १४४२२ ला पाठवा, घरातल्या दुसऱ्या फोनवरून. फोन ब्लॉक आहे की काय ते उत्तर येतंय. ब्लॉक असेल तर बिल, विकणाऱ्याचा नंबर, पैसे दिल्याचा पुरावा घेऊन पोलिसांकडं, आणि विकणाऱ्याकडं पैसे मागा. बेळगावात घेतलाय म्हणून चंदगडला तक्रार घेणार नाहीत असं कुणी म्हटलं तरी मागं हटू नका.

एक बारीक शक्यता राहते. अनलॉक करून भलतीच फाईल चढवल्यामुळं आयएमईआय ठेवलेला भागच पुसला गेला असेल तर नंबर रिकामा किंवा सगळे शून्य दिसतात. तसं असेल तर तोच मूळ नंबर परत बसवायचं काम अधिकृत सेंटरचं, बिल आणि बॉक्स दाखवून. नवा नंबर नाही, तोच.

प्रश्न : निवृत्त शिक्षक आहे, टिळकवाडीत राहतो. सहा वर्षांचा फोन, वॉरंटी कधीच संपली, कंपनीचे अपडेट बंद. नातू म्हणतो लिनेज टाकूया. वयाच्या मानानं धाडस करू का?

उत्तर : सर, या कॉलममध्ये 'जरूर करा' म्हणायला मिळालेला हा एकच प्रश्न. गमवायला वॉरंटीच उरली नाही. लिनेज हा एक कस्टम रॉम, सायनोजेनमॉड नावाच्या जुन्या रॉमचा वारस, २०१६ च्या शेवटी सुरू झाला, आणि कंपन्यांनी सोडून दिलेल्या कितीतरी फोनना त्यानं पुढं चालवलंय. फक्त त्यांच्या यादीत तुमचं नेमकं मॉडेल आहे का ते नातवाला बघायला सांगा, 'जवळपास तेच' चालत नाही, नावातलं एक अक्षर वेगळं म्हणजे फोन वेगळा.

फोटो आणि नंबर आधी दुसरीकडं काढून ठेवा, अनलॉकला फोन धुऊन निघतो. सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा बोट मारलं की डेव्हलपर ऑप्शन उघडतात, तिथं ओईएम अनलॉकिंग. ते बटण फिकट दिसत असेल तर वायफाय चालू करून थोडं थांबा, तरीही फिकटच राहिलं तर कंपनीनं दार भिंत बांधून बंद केलंय असं समजा. केबल फोनच्या बॉक्समधली वापरा, बाजारातल्या कितीतरी स्वस्त केबल फक्त चार्ज करतात, लॅपटॉपला फोन दिसतच नाही आणि माणूस तासभर ड्रायव्हर शोधत बसतो. बॅटरी निम्म्याच्या वर ठेवा. आपल्याकडं लाईट जाते तेव्हा लॅपटॉपही चार्ज असू दे.

पेन्शनचं खातं मात्र त्या फोनवर ठेवू नका, ते दुसऱ्या साध्या, लॉक असलेल्या फोनवर. यावर पेपर वाचा, रेडिओ ऐका, नातवाला व्हिडिओ कॉल करा.

प्रश्न : उद्या गणपत गल्लीत फोन घ्यायला चाललोय. नंतर अनलॉक करायचाच आहे. कुठला घेऊ, एका ओळीत सांगा. — संकेश्वर

उत्तर : एका ओळीत होत नाही, तरी बघतो. गूगल पिक्सेलचं अनलॉक सगळ्यात सरळ, परत लॉक करणंही. मोटोरोलाचं होतंय, वॉरंटी सोडायची तयारी असेल तर. शाओमीचे नियम दर थोड्या दिवसांनी कडक होत चाललेत, मागच्या वर्षीचा व्हिडिओ बघून घेऊ नका. हुआवेनं २०१८ मध्येच कोड द्यायचे बंद केले. विवोच्या मागं लागू नका. आणि घ्याल तो फोन पहिलं वर्षभर आहे तसा वापरा हो, जे कारखान्यातून बिघडून आलेलं असतंय ते बहुतेक पहिल्या काही महिन्यांतच बाहेर पडतंय, तेवढ्यात अनलॉक केलात तर खानापूरच्या पोरासारखं काउंटरवर वकिली करत बसायला लागतंय.

बिलावर आयएमईआय लिहून घ्या. गर्दी असली की दुकानदार 'बॉक्सवर आहे की' म्हणतो. बॉक्सवर असू दे, बिलावरही घ्या, आणि बिलाचा फोटो त्याच फोनमध्ये ठेवू नका, घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर पाठवून ठेवा.